आभार मानायचे नव्हते

गॅस-वेल्डिंगचा वास आला की सौदीतल्या तबूकच्या कॅम्पमधली ती दुपार आठवते. नळीची गळती तपासायला मी विसरलो आणि भडका उडून माझ्या खोलीतल्या सोबत्याचा उजवा पंजा भाजला. इस्पितळात नेलं असतं तर चौकशी होऊन माझी नोकरी गेली असती. म्हणून मी त्याला आमच्या म्हाताऱ्या आयरिश फोरमनकडे नेलं. त्याने लहानपणी सरड्याचं पोट चाटलं होतं. त्यामुळे आपण चाटलं की भाजल्याची जखम बरी होते, असं तो त्याच्या गावच्या समजुतीप्रमाणे मानायचा. अट एकच, त्याचे आभार मानायचे नाहीत. "आपल्याकडे नागीण उतरवतात ना, तसंच हे," मी सोबत्याला समजावलं. फोरमनने मनापासून जखम चाटली आणि सोबत्याच्या तोंडून सवयीने "थँक्यू" निघून गेलं. "उद्या डॉक्टरलाही दाखवा," फोरमन इंग्रजीत म्हणाला. सोबत्याला ते कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. पंजा पिकला, बोटं कायमची आखडली. परवा दापोलीला त्याच्या घरी गेलो, तेव्हा डाव्या हाताने चहा पुढे करत तो म्हणाला, "मीच पथ्य मोडलं रे, नाहीतर गुण आला असता." आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, "तसंच असेल" म्हणालो.