दाढा नसलेला जबडा

जोगेश्वरीला इमारतीचा पाया खोदताना माणसाचा खालचा जबडा सापडला. त्याच्या त्रिमितीय स्कॅनवर मी मापं घेतली. जबडा बाईचा होता. दाढा केव्हाच पडलेल्या, हाड झिजलेलं.

"साठीची म्हातारी. लिही ना, सोड," माझे सर म्हणाले.

मी भडकले आणि त्यांना सुनावलं : दाढा गेल्या की हाड कुठल्याही वयात झिजतं. आमच्या गावी दाढ दुखली की उपटतात. माझ्या आईच्या सगळ्या तिशीतच गेल्या. इकडे कांदिवलीचा एक माणूस पस्तिशीतल्या हरवलेल्या बहिणीसाठी पोलिसांकडे खेटे घालत होता. साठी लिहिली, तर त्याला बोलावणार कोण?

मी लिहिलं : स्त्री, वय सांगता येत नाही, त्या भावाचा डीएनए तपासावा.

"आईवरून रिपोर्ट लिहितेस का गं?"

"हो सर," म्हटलं, आणि ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांच्यासमोरच सही केली.