वुकानीचा ठोका

न्तुझुमा वस्तीत वुकानी न्गिडीला ओळखत नाही असा मिनीबस टॅक्सीवाला विरळाच. आठवडाभर तो गॅरेजात डेंटिंगचं काम करायचा आणि सुटीच्या दिवशी बहिणीच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरवर गाणी बनवायचा. गाण्यात शब्द नावालाच. जे काय असायचं ते ठोक्यात. त्याच्या बेस ड्रमचा ठोका टॅक्सीत वाजला की मागच्या सीटवरच्या बायांच्या मांडीवरल्या पिशव्या थरथरायच्या, आणि कॉलेजच्या पोरी रिकामी टॅक्सी सोडून त्याच टॅक्सीत दाटीवाटीनं बसायच्या.

हा ठोका हाती लागायला त्याला दोन वर्षं लागली होती. खाली एक जाड सूर, झपकन घसरत जाणारा. त्याच्या माथ्यावर टॅक्सीच्या दारावर रबरी हातोडा आपटल्याचा आवाज. आणि मग दोन्ही मिळून इतके चढवायचे की आवाज फाटतोय असं वाटावं, पण फाटू नये. किती चढवायचं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी उघडू नये म्हणून फाइलला नाव दिलं होतं ‘चर्चची भजनं’. बहीण थोको जेवायला हाक मारायला आली तरी हा पडद्यावर टॉवेल टाकायचा.

"अरे, मी लोकांच्या वेण्या घालते," थोको म्हणायची. "तुझं ते धडाडधूम चोरून मी काय करू? केसांत माळू?"

त्या खोलीत थेट शिरायची मुभा एकट्या लिंडानीला. तो लहानपणापासूनचा मित्र. गाण्यातल्या आरोळ्या त्याच्या, आणि गाणी टॅक्सीवाल्यांपर्यंत पोचवायचं कामही त्याचंच.

एका मंगळवारी सकाळी वुकानी कामाला निघाला असताना टॅक्सीत अनोळखी गाणं लागलं. चौथ्या ठोक्याला त्यानं कान टवकारले. दारावरचा हातोडा! तोच!

"हे कुणाचं रे?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"पलीकडच्या क्वामाशू वस्तीतल्या सामकेचं. भारी आहे ना?"

वुकानी भलत्याच थांब्यावर उतरला आणि गॅरेजपर्यंत चालत गेला. चालता चालता एकेक गोष्ट जुळत गेली. लिंडानीची मावशी क्वामाशूलाच राहते. मागल्या महिन्यात तो पेन ड्राइव्ह घेऊन आला होता. त्या दिवशी उगाच शीळ घालत होता. शिवाय पायात नवे बूट! एकदा मनात संशय शिरला की साधी शीळसुद्धा साक्षीदार होते.

शनिवारी लिंडानी आला तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि वुकानी दारात उभा होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"भोळा होऊ नकोस. ठोका कुणाला दिलास?"

लिंडानी आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. "आईशप्पथ वुकानी, मी कुणाला काही दिलेलं नाही."

"जा. जा तुझ्या क्वामाशूवाल्यांकडे."

लिंडानी गेला. त्यानं पुन्हा शपथ घेतली नाही, हेही वुकानीला संशयास्पदच वाटलं.

तीन महिने असेच गेले. मग सामकेचं दुसरं गाणं आलं. ठोका तोच, पण आणखी वजनदार, छातीत बसणारा. वुकानीची झोप उडाली. एका रविवारी दुपारी तो विचारत विचारत तिच्या दारात जाऊन उभा राहिला. सामके पंचविशीतली, अंगणात कपडे वाळत घालत होती.

"तुझ्या गाण्यातला ठोका कुठून आणलास?"

"तुमच्याकडून, दादा," ती सहज म्हणाली. "तुम्ही वुकानीदादाच ना? या की आत."

तिनं कॉम्प्युटर लावला, त्याचंच जुनं गाणं उघडलं. सुरुवातीला चार ठोके, नुसते, सोबतीला दुसरं काही नाही. तिनं पहिला ठोका कापून बाजूला ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम.

"केळ्यासारखा सोलून ठेवलाय तुम्हीच. कुणीही उचलेल."

वुकानीनं तो कापलेला ठोका पुन्हा वाजवायला लावला.

"पण नुसत्यानं भागलं नाही," ती पुढं सांगू लागली. "तुमचा खालचा सूर लांब रेंगाळतो, गाण्यातल्या बेसच्या सुरावटीच्या अंगावर जातो. दोघं भांडतात आणि दोघांचाही जोर जातो. मी त्याची शेपटी तोडली, आणि ठोका पडतो तेवढा वेळ बेसला गप्प बसवलं. ऐका."

त्यानं ऐकलं. ती खरं बोलत होती. तरी मनात आलंच: ही मला हे का सांगतेय? हिला काय हवंय? तिनं चहा पुढं केला. तोही त्यानं जरा वास घेऊनच प्यायला.

लिंडानी त्याला टॅक्सी स्टँडवर सापडला. एका गाडीच्या मागच्या सीटखाली तो स्पीकर बसवत होता.

"चूक झाली माझी," वुकानी म्हणाला. "तू नव्हतास."

"कुणी सांगितलं?"

"सामकेनं."

"म्हणजे परक्या बाईचं पटलं. माझं नाही पटलं."

वुकानीनं खाली पडलेला एक स्क्रू उचलून त्याच्यापुढं धरला. मग म्हणाला, "ये ना परत."

"आता कसा येऊ? महिना झाला, मी तिच्याकडेच जातो. तूच पाठवलंस. तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं."

नको नको म्हणताना वुकानीच्या तोंडून निसटलंच, "मग... किती चढवायचं, ते सांगितलंस तिला?"

लिंडानीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"मला ते माहीतच नाही, वुकानी. तू कधी सांगितलंच नाहीस."

पुढच्या सुटीत वुकानीनं नवं गाणं केलं. ठोक्याची शेपटी तोडली, बेसला गप्प बसवलं. आजवरचं सगळ्यात दणकट गाणं झालं. ते घेऊन तो स्वतःच स्टँडवर गेला.

ड्रायव्हरनं ऐकलं, मान डोलावली. "आरोळी कुठाय? लिंडानी नाही यात?"

"कामात आहे तो," वुकानी म्हणाला.

ड्रायव्हरनं आवाज वाढवला आणि गाडी काढली.