तोरणातली मोकळी पाकळी

कागदाचा तुकडा टाकवत नाही, अशी काही माणसांना खोड असते. कधीतरी कशात तरी बसेल म्हणून माणूस तो गादीखाली सारून ठेवतो. माझं किश्श्यांचं तसंच झालं. एकेक सारून ठेवला, आणि आता गादी इतकी उंच झाली की झोप लागेना! तेव्हा त्यातले थोडे काढून तुमच्यापुढे ठेवतो. मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. शेजारी मन्मथअप्पांचं किराणा दुकान, त्याच्या मागे त्यांचं घर. समोर गफूरभाई ट्रकच्या पाठीवर मोर आणि कमळं रंगवायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघं अप्पांच्या ओट्यावर बसायचो, आणि मधोमध माझी बायको, कौसा. कारण कात्री तिच्या हातात!

अगरबत्तीचे खोके, बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, चहाच्या पेटीतला चंदेरी कागद, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, खराट्याच्या काड्या आणि मैद्याची खळ. एवढ्यावर ती फुलं, तोरणं, आकाशकंदील करायची. आम्ही तिघं दुमडायचो, चिकटवायचो आणि तिची बोलणी खायचो. अप्पांची एकुलती एक मंगल तिच्या मांडीला मांडी लावून शिकली. मंगलची आई ती लहान असतानाच गेलेली. काकू म्हणजे तिला सगळंच होती.

* * *

एकदा दुपारी घरी आलो. कौसा पाण्याला गेलेली. चुलीवर पातेलं, पातेल्यात काहीतरी घट्ट, कोमट. वाटलं, आज पिठल्याला वेगळं पीठ घेतलं असेल. दोन भाकरी खाल्ल्या.

कौसा आली. तिनं पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आवो, हे खाल्लं?"

"खाल्लं. मीठ कमी हाय."

ती खळ होती!

गफूरभाईंना कळलं तसे ते ब्रश टाकून धावत आले. माझं तोंड न्याहाळलं आणि अप्पांना म्हणाले, "आधीच ह्यो ज्ञानबा बोलत न्हाई. आता तर आतून चिकटला बे!"

* * *

गणपतीला मंडळासाठी मोठं तोरण केलं आणि वाळायला गफूरभाईंच्या पडवीत टांगलं. खळ मैद्याची, आणि पडवीत त्यांचा बोकड बांधलेला. सकाळी बघतो तर बोकडाच्या तोंडातून नुसती सुतळी लोंबत होती!

गफूरभाई बोकडाचा कान धरून दुकानात आले. "अप्पा, याच्या पोटात गणपतीचं तोरण गेलंय. आता बकरीदला याच्या मानेवर सुरी कशी फिरवू? तुमीच सांगा!"

अप्पांनी बोकडाच्या तोंडातली सुतळी ओढून काढली. "नका फिरवू."

तो बोकड म्हातारा होऊन मेला. तोवर अप्पांच्या दुकानातले रद्दी कागद त्याला फुकट होते.

* * *

कौसाची एक रीत होती, तिच्या माहेरहून आलेली. काहीही करा, तोरण असो, कंदील असो, मधल्या फुलाची एक पाकळी ती चिकटवायची नाही. मोकळी सोडायची. अप्पा दुकानदार माणूस, त्यांना ते बघवायचं नाही. ती उठली की ते गुपचूप बोटावर खळ घेऊन पाकळी दाबून टाकायचे. ती परत आली की उचकटायची.

"अगं कौसाबाई, लोक म्हणतील काम कच्चं हाय!"

"म्हणू द्या. थोडं काम राहू द्यावं अप्पा. म्हंजी माणूस ते पुरं करायला पुन्हा येतं."

"आणि न्हाई आलं तर?"

"तर पाकळी हाय की वाट बघायला."

* * *

त्या काळात सगळंच नवं यायला लागलं. फाट्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला, ढाब्यावर केबलचा टीव्ही आला, बीडच्या दुकानांत धुवून वापरायची प्लॅस्टिकची फुलं आली. अप्पांच्या दुकानात शाम्पूच्या, सुपारीच्या पुड्या माळेनं लटकायला लागल्या. गफूरभाई म्हणाले, "अप्पा, आता तोरण कशाला करता? दुकानच तोरण झालं!"

कौसानं एक रिकामी पुडी घेऊन बघितली. लई चकचकीत होती. खळ लावली, निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. ती पुडी तिनं बाजूला ठेवली. "दिसायला चांगली हाय," म्हणाली, "पण धरून राहत न्हाई."

* * *

मंगलचं लग्न सोलापूरला ठरलं. पाहुणे बडे. सगळे अप्पांना म्हणाले, बीडहून प्लॅस्टिकच्या फुलांचं डेकोरेशन आणा. मंगल म्हणाली, "मला काकूचंच तोरण पायजे." आणि मधलं फूल तिनं स्वतःच्या हातानं केलं. एक पाकळी मोकळी सोडून.

विहीणबाई दारात आल्या आणि नेमकं वारं सुटलं. ती पाकळी फडफडली. त्यांनी वर बघितलं. पाकळीच्या मागच्या बाजूला साबणाच्या कागदावरची बाई हसत होती, तीही दिसली!

"अर्धवट तोरणाखालून माझ्या मुलाला नेलं?"

कौसा समजावायला पुढे झाली, पण मांडवात कोण कुणाचं ऐकतं? पाठवणीच्या वेळी मंगल जीपमध्ये बसली तेव्हा विहीणबाई अप्पांना म्हणाल्या, "तोरण पुरं झालं की कळवा. मग पाठवू मुलीला."

आम्ही सगळे हसलो. आम्हाला वाटलं, थट्टा आहे.

पंचमी आली, पाठवलं नाही. दिवाळी आली, पाठवलं नाही.

* * *

दिवाळीनंतर कौसा खळीची वाटी घेऊन अप्पांच्या दारात गेली. "अप्पा, माझ्या रीतीपायी पोर अडकली. मी चिकटवते. तुमी कळवा."

अप्पा काही बोलायच्या आत बूथवाला ओरडत आला. "अप्पा, सोलापूरहून मंगलचा फोन आलता, लगेच उलटा लावा म्हणली!"

त्यानं नंबर लावून दिला. मंगल कुणाच्या तरी घरून चोरून बोलत होती. अप्पांनी रिसीव्हर कानाला लावला आणि नुसते ऐकत उभे राहिले. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. बूथवाल्यालाच राहवेना.

"अप्पा, बोला की! मीटर पळायलंय!"

"पळू दे," अप्पा म्हणाले. "तिचा आवाज ऐकायलोय."

परत आले तेव्हा त्यांनी कौसाच्या हातातली वाटी काढून खाली ठेवली. "ती म्हणली, पाकळी कुणी चिकटवायची न्हाई. मी येऊन चिकटवीन."

* * *

सोलापूरची प्रत्येक गाडी आमच्या फाट्यावर थांबते. गाडी थांबली की अप्पांचा तराजू हवेत थांबायचा. शेवटचा माणूस उतरेपर्यंत गिऱ्हाईकाला डाळ मिळायची नाही.

गफूरभाई ओरडायचे, "अप्पा, त्यापेक्षा कंडक्टरच व्हा की! आत चढून बघता येईल!"

आणखी दोन दिवाळ्या अशाच गेल्या. तोरण दारावर तसंच. लाल रंगाचा गुलाबी झाला, गुलाबीचा मातकट. एका दुपारी मी साखर घ्यायला गेलो तर अप्पा तोरणाखाली स्टुलावर उभे, बोटावर खळ. मला बघून खाली उतरले. साखर मोजून दिली. त्यांच्या बोटाला साखरेचे दाणे चिकटून बसले.

बाहेर आलो तर ओट्यावर गफूरभाई. त्यांनी आतलं सगळं बघितलं होतं. मोठ्यानं म्हणाले, "अप्पा, पोरगी म्हणली तसंच राहू द्या. आणि बोट चाटू नका, ज्ञानबावाणी आतून चिकटाल!"

आतून अप्पांचं हसू ऐकू आलं. लई दिवसांनी.

* * *

आता तो रस्ता रुंद झाला, आमचा ओटा त्यात गेला. अप्पा गेले, गफूरभाई गेले, कौसाही गेली. दुपार मात्र रोज होते. दुपार झाली की मला हा शेवटचा किस्सा आठवतो.

उन्हाळ्याचे दिवस. जालन्याला लग्नाला निघालेली एक जीप लंगडत माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. चाकात खिळा. मी जॅक घेऊन वाकलो आणि सहज वर बघितलं. मागच्या सीटवर मंगल! आणि तिच्या शेजारी विहीणबाई.

मंगल अप्पांच्या घराकडे बघत होती. विहीणबाई दुसरीकडे. दोघींपैकी कुणीच उतरेना.

मी आधीच हळू माणूस. त्या दिवशी आणखी हळू झालो. ट्यूब काढली. पाण्यात बुडवली. पुन्हा बुडवली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, किती वेळ?"

"सोल्युशन वाळू द्यावं लागतं बाबा."

पत्र्याची जीप, डोक्यावर ऊन. कौसा तांब्या घेऊन गेली. "विहीणबाई, उन्हात कशाला बसलाव? पाणी तरी सावलीत घ्या की."

विहीणबाईंनी पदरानं घाम पुसला, माझ्याकडे बघितलं. मी ट्यूब फुंकत होतो. मग त्या उतरल्या. त्यांच्या मागे मंगल.

अप्पा दारात उभे होते. हातात तराजू तसाच. विहीणबाई उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. वर बघितलं.

"अजून अर्धवटच?"

मंगल तोरणाकडे बघून रडायला लागली, तोंडाला पदर लावून. विहीणबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या मातकट फुलाकडे.

"खळ आहे का घरात?"

कौसानं वाटी आणली. मी ट्यूब टाकून दारापाशी गेलो. गफूरभाई रंगाचा ब्रश घेऊन तसेच आलेले. विहीणबाई स्टुलावर चढल्या, बोटावर खळ घेतली आणि हात वर केला.

तीन दिवाळ्या वाट बघत बसलेले अप्पा तेव्हा बोलले.

"विहीणबाई, तेवढी राहू द्या. पोरीला पुन्हा यायचंय."

बाई हात वर करून तशाच थांबल्या. मग त्यांनी बोटाची खळ पदराला पुसली, आणि नखानं हळूच शेजारची चिकटलेली पाकळी सोडवली. ती पण मोकळी झाली.

"मग ही माझी," म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. "आता चहा टाका."