गहिनीनाथांचे रिकामे सापळे

शेवगावकडच्या आमच्या गावात कपाशीतलं कळणारा माणूस एकच, असं गहिनीनाथ सांगतात. स्वतःच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही.

यंदा कृषी सहायकाने गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे वाटले. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी लावायची, त्यात नर पतंग अडकतात. पतंग वाढले की समजायचं, अळी येतेय, कामाला लागा. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीत सुधारणा केली नाही तर ते गहिनीनाथ कसले?

घरी येऊन त्यांनी गोळ्या तेवढ्या बाजूला काढल्या.

"आवो, ह्या कशाला काढल्या?" बायकोने, रतनबाईंनी विचारलं. घराचं सगळं वर्ष त्या कपाशीवर होतं.

"वासानं पतंग येत्यात म्हनं. मंग आपुनच आवतान धाडायचं व्हय?"

"आन् सापळे?"

"लावायचे की. नुसते. रानाला शोभा येती."

गोळ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्यांनी त्या बांधापलीकडे चुलतभावाच्या, मच्छिंद्रच्या सापळ्यांत गुपचूप सरकवल्या. भाऊबंदकी म्हणजे शेवटी देणं-घेणंच.

मच्छिंद्रचे सापळे पतंगांनी भरले. गहिनीनाथ रोज बांधावर सांत्वनाला हजर.

"लई वाईट वाटतं रं. आमच्याकडं एक न्हाई बघ."

"नशीब काढलंस दादा," मच्छिंद्र म्हणायचा आणि वाकून डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून शिवलेली न उमलणारी फुलं, तोडून पिशवीत भरायचा. पुरून टाकायचा. मग निंबोळी अर्काची फवारणी.

"फुलंच तोडतंय येडं," गहिनीनाथ पारावर सांगायचे. "आता बोंडं काय बांधाला लागनार?"

दसऱ्यानंतर रतनबाईंनी आपल्या रानातलं एक हिरवं बोंड फोडलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी निवांत सरकी खात होती.

"हिला कोनी आवतान धाडलं?"

"मच्छिंद्राकडनं आली आसंल."

"त्याच्या सापळ्यानं त्याला येळंवर सांगितलं. तुमच्या सापळ्याचं तोंड तुमीच बांधलं."

निम्मी बोंडं किडून कवडी झाली, नीट उमललीच नाहीत. मच्छिंद्रने शेवटची वेचणी उरकून पऱ्हाट्या उपटल्या. गहिनीनाथ मात्र अजून सुधारणेतच होते.

"फरदड ठेवू. पानी देऊ, दुसरा बहर घिऊ. समदं भरून निघंल."

"आन् अळी? ती ह्याच बोंडांत ऱ्हाऊन पुढच्या सालाला आपलीच कपाशी खानार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याने धनगराचा कळप चालला होता. रतनबाईंनी रानाच्या तोंडाला लावलेली बाभळीची काटी बाजूला ओढली. गहिनीनाथ चहा पिऊन आले, तोवर मेंढरांनी किडक्या बोंडांसकट अर्धं रान साफ केलं होतं.

"मेंढरं कोनी घातली रानात?"

"मी न्हाई बाई आवतान धाडलं," रतनबाई पदर खोचत म्हणाल्या. "वासानं आली आसतील."