सात कप, बारा गाड्या

आमचे खंडेराव तात्या बोलतात ते बैल हाकल्यासारखं. "आपल्याला दुखत नाय. दुखणं बायांचं." मी ही नक्कल इतकी हुबेहूब करते की आतून काकू ओ देते.

चंपाषष्ठीला खंडोबाच्या बारा गाड्या एकत्र बांधून एकट्यानं ओढायचा मान गावात तात्यांचा. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, एकदा मला ओढू द्या म्हणून पाय धरले. तात्या हो म्हणाले. ऐन वेळी पप्पांच्या पोटरीवर विळ्याचा ओरखडा दिसला, तर तात्या पंचांसमोर म्हणाले, उघड्या जखमेनं देवाच्या दोराला शिवायचं नाय. पप्पा तसेच घरी आले.

यंदा तात्यांचा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. पप्पांनीच मायेनं सुचवलं, नाशिक रोडला कप लावून खराब रक्त काढतात, एका दिवसात माणूस मोकळा. यात्रेच्या आदल्या दिवशी आम्हीच त्यांना उपाशीपोटी नेलं.

तिथल्या शुभांगी मॅडमनी पाठ बघून आधी वस्तरा घेतला. केसांवर कप धरत नाही. तात्यांची ती वाघाची पाठ पाच मिनिटांत सोललेल्या कोंबडीसारखी झाली. मग सात कप. हवा ओढली की कातडी आत फुगायची आणि तात्यांचे डोळे बाहेर. "वासरू लुचतंय नुसतं," म्हणाले, पण आवाज पातळ. मग कप काढून पात्यानं बारीक चिरा. मांजराच्या नखाएवढंच लागतं म्हणे. पण मागे काय चाललंय ते दिसत नाही, माणूस त्यानंच अर्धा होतो. कप परत बसले तशी पाठीवर ऊब पसरली. ही ऊब कसली, तात्यांनी विचारलं. मॅडमनी भरलेला कप समोर धरला. काळपट, थरथरणारं, जेलीसारखं.

"आई गं," तात्या म्हणाले, बालवाडीतल्या पोरासारखं, आणि पालथे होते तिथेच बेशुद्ध.

घरी येईस्तोवर मी ते 'आई गं' घोटून घेतलं.

खांदा मात्र सुटला. दुसऱ्या दिवशी तात्या दोन्ही हात वर नाचवत मैदानात आले. दोर बांधण्याआधी पंचांसमोर सदरा काढायची रीत आहे. त्यांनी काढला. पाठीवर सात लाल गोल, प्रत्येकात ओल्या चिरा.

पप्पा पुढे झाले. आवाज अगदी मऊ.

"दादा, जखम उघडी हाय. नियम तुमचाच."

दोर पप्पांच्या कमरेला बांधला गेला. गाड्या हलल्या, भंडारा उधळला. तात्या कडेला उभे राहून सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घालत होते. मी त्यांच्या मागे गेले आणि हळूच, त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आई गं."

त्यांनी चटकन स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.