मालगोदामाचं छप्पर

माझ्या हातून कागदावर चूक होत नाही, असं मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो. रेल्वेच्या नगरच्या कचेरीत मी नकाशे काढायचो. टेप लावायची, आकडा वहीत टिपायचा, पुन्हा टेप लावायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच रेघ ओढायची. घरीही तसंच. दूध आलं की मी पातेल्याच्या आतली खूण बघायचो आणि त्याबद्दल बायकोची बोलणी खायचो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी छावणीतले गोरे अधिकारी सामान विकून निघाले. एका बंगल्यावरच्या विक्रीत माझे स्नेही, मिशनच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, यांना चावीची आगगाडी मिळाली. एक इंजिन, चार डबे आणि पेटीभर रूळ. एका डब्याचं चाक निखळलेलं होतं, म्हणून आम्ही ती पत्र्याची कामं करणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेली. चाक बसलं, पण गाडी महिनाभर मिस्त्रीच्या दुकानातच राहिली आणि आम्ही दोघं संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागलो. तिघंही चाळिशी ओलांडलेले. शेवटी मास्तरांनी शाळेतली अडगळीची खोली मागून घेतली. लांबी वीस फूट. रविवारी त्यांची उपासना आटोपली की आम्ही तिथं जमायचो.

मास्तरांना डोंगर, बोगदा आणि तळं हवं होतं. मी म्हटलं, करायचं तर खरं स्टेशन करू, मापात. नगरजवळच्या एका लहान स्टेशनाची सगळी मापं माझ्या वहीत होती.

"तुमच्या वहीत आमचीही मापं असतील," मिस्त्री म्हणाला. "मेल्यावर उपयोगी पडतील."

"तुमची घ्यायची राहिलीत," मी म्हटलं.

प्रमाण मी चाकांवरून काढलं. आपल्या मोठ्या रुळांत अंतर साडेपाच फूट, त्या खेळण्यात सव्वा इंच. म्हणजे एका इंचाला चार फूट आणि वर पाचांतले दोन भाग. मास्तर म्हणाले, सरळ चार धरा. मी धरले नाहीत. त्यावरून दोन रविवार वाद झाला आणि तेवढे दोन रविवार काम बंद राहिलं.

त्या स्टेशनाची मापं माझ्याकडे का होती, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, तिथं भर दुपारी एक मालगाडी भलत्या रुळावर शिरली आणि उभ्या वाघिणींवर, म्हणजे मालाच्या डब्यांवर, आदळली. मेलं कोणी नाही. गार्डाचा हात मोडला आणि एक वाघीण घसरून मालगोदामाच्या कडेला घुसली. गाडीसाठी सिग्नल दिलेला असताना सांधेवाल्यानं, म्हणजे रुळांचे सांधे फिरवणाऱ्या माणसानं, सांधा फिरवला होता. चौकशीत तो एकच सांगत राहिला. सांध्यापाशी उभं राहिलं की तो सिग्नल दिसत नाही, एरवी स्टेशनातून झेंडी दाखवतात, त्या दिवशी दाखवली नाही. स्टेशनातले म्हणाले, झेंडीची गरजच काय, सिग्नल समोर दिसतो.

अपघातानंतर तिथली मोजणी करून नकाशा मी काढला होता. चौकशीच्या साहेबानं तो पुढे ओढला आणि सांध्यापासून सिग्नलपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढली. रेघ गोदामाच्या भिंतीपासून तीन फूट बाहेरून गेली. मध्ये काहीच आलं नाही.

"माप बरोबर आहे?" साहेबानं मला विचारलं.

"दोनदा घेतलंय," मी म्हटलं.

सांधेवाल्याची नोकरी गेली. मी दुसऱ्या कामाला लागलो.

आमचं स्टेशन पावसाळ्यात सुरू झालं आणि थंडीपर्यंत उभं राहिलं. सांध्यापासून सिग्नलपर्यंत खरे आठशे फूट. आमच्या फळीवर ते पंधरा फूट दोन इंच भरले. सिग्नलचा हात वीस फुटांवर, म्हणजे फळीपासून साडेचार इंच. मास्तरांनी शाडूची माणसं केली, त्यांत सांध्यापाशी एक सांधेवाला. मिस्त्री स्वतः त्या स्टेशनात जाऊन गोदाम बघून आला. नकाशावर त्याचा विश्वास नव्हता. भिंती त्यानं माझ्या मापानं केल्या आणि छप्पर स्वतःच्या डोळ्यानं. ज्या रविवारी छप्पर बसलं, त्या रविवारी इंजिनाला चावी देऊन गाडी फिरवायची, असं ठरलं होतं.

मास्तर फळीवर गाल टेकून शाडूच्या सांधेवाल्यामागून एका डोळ्यानं बघत होते. मुलांना चित्रातलं अंतर शिकवताना ते तसंच बघायला लावत.

"याला सिग्नल दिसत नाही हो," ते म्हणाले.

"दिसतो," मी म्हटलं. "आठशे फूट मोकळी नजर आहे. मी मोजलंय."

"मग या, बघा."

मी वाकलो. गोदामाच्या भिंतीबाहेर पुढे आलेलं उतरतं छप्पर होतं, बैलगाड्यांतला माल पावसात भिजू नये म्हणून असतं तसं. त्याच्या पत्र्यामागे सिग्नलचा हात पूर्ण झाकला गेला होता. मी म्हटलं, मिस्त्री, छप्पर जास्त पुढे काढलंत. मिस्त्री पट्टी घेऊन आला. छप्पर भिंतीपुढे सहा फुटांच्या प्रमाणात होतं, खालची कड अकरा फुटांवर, भिंतीशी चौदा. खऱ्या गोदामाचं तेवढंच आहे, हे मलाही ठाऊक होतं. कामासाठी जाता-येता गाडीतून नेहमी बघत होतो.

मी दोरा मागितला. एक टोक शाडूच्या माणसाच्या डोळ्याशी धरलं, दुसरं सिग्नलच्या हाताशी. मधोमध दोरा जमिनीपासून साडेबारा फुटांवर यायला हवा होता. तिथं पत्रा होता. मिस्त्रीनं छप्पर उचललं, दोरा सरळ झाला. परत ठेवलं, दोरा अडला. मास्तर काय झालं विचारत राहिले आणि मी दोरा खाली टाकून निघालो.

घरी येऊन मी ती जुनी वही काढली. मोजणीला मी पोचलो तेव्हा वाघिणीनं खांब मोडले होते आणि पुढचं सगळं छप्पर खाली आलं होतं; नंतर ते होतं तसंच पुन्हा उभारलं. पुढच्याच पानावर, नुकसानीच्या यादीत, माझ्या अक्षरात लिहिलं होतं: छपराचे पत्रे, बावीस. पत्रे मी एकेक मोजले होते. नकाशात मात्र भिंतींच्याच रेघा काढायच्या, पुढे आलेलं छप्पर दाखवायचं नाही, ही आमच्या कचेरीची पद्धत. आकडा एकही चुकला नव्हता, आणि माणूस नोकरीतून गेला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी केडगावला गेलो. सांधेवाला तिथं एका मळ्यात मोट हाकत होता. मला बघून त्यानं बैल थांबवले. मी धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतरणीवर, उभ्यानंच सगळं सांगितलं, बावीस पत्र्यांसकट, आणि मी तसं लेखी देणार हेही सांगितलं. तो चिडेल, अंगावर येईल, अशी माझी तयारी होती. तो कासरा हातात धरून ऐकत राहिला.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "मला सिग्नल दिसत हुता."

"अहो, नव्हता दिसत. तेच सांगतोय."

"चौकशीच्या दिवशी साहेबानं मला सांध्यापाशी उभा केला. म्हनला, बघ. म्या बघितलं, तर समोर दिसला की. लख्ख. मग तुमचा कागद बी तेच म्हनला. मला वाटलं, मीच खोटा. रोज दिसत आसंल आन् मीच बघत नसंन. घरची मला म्हनली, दारू पिऊन गेल्ता का? तिच्या गळ्याची शपथ घेऊन न्हाई म्हनलो, पर सिग्नल दिसत न्हाई, हे पुन्हा न्हाई म्हनलो."

त्यानं बघितलं तेव्हा छप्पर जमिनीवर पडलेलं होतं. त्याला तिथं उभं केलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं तो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवून जगत होता, आणि त्या अविश्वासाखाली माझी सही होती. मी विहिरीच्या काठावर बसलो.

"ते इस्टेशन कुठं हाय?" त्यानं विचारलं.

पुढच्या रविवारी तो आला. चपला दाराबाहेर काढल्या, खोलीभर नजर फिरवली आणि थेट शाडूच्या माणसामागे वाकला.

"न्हाई दिसत," तो म्हणाला. "काढा ते छप्पर."

मिस्त्रीनं काढलं.

"दिसतंय. ठेवा."

ठेवलं. तिसऱ्या वेळी छप्पर त्यानं स्वतःच्या हातानं काढलं आणि ठेवलं. मग म्हणाला, "घरचीला आनतो," आणि निघाला. केडगाव तीन मैल. आम्ही त्या फळीला हात न लावता बसून राहिलो. गाडीला चावी देऊ या का, असं मिस्त्रीनं एकदा विचारलं. मास्तरांनी चावी खिशात टाकली.

दुपार कलल्यावर ती आली. नवऱ्यानं दाखवल्या जागी वाकली, डोळा लावला, छप्पर काढायला लावलं, ठेवायला लावलं. उठून पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"बावीस पत्रं मोजलं तुमी. कुठनं खाली आलं, हे बघाया मान वर व्हत नव्हती?"

"नाही बघितलं," मी म्हटलं.

माझा अर्ज खिशात होता. पुढे त्या अर्जावर आठ महिने कागद फिरले, सांधेवाला दुसऱ्या स्टेशनात पुन्हा कामाला लागला, आणि मला मोजणीवरून काढून जुने कागद सांभाळायला बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं अर्ज वाचून दाखवायला सांगितला. मी उभा राहून वाचला. सांध्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला सिग्नल दिसणं शक्य नव्हतं, या वाक्यापाशी तिनं थांबवलं आणि परत वाचायला लावलं. वाचलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अजून एकदा." मास्तरांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि तिसऱ्यांदा त्यांनी वाचलं, शाळेत वाचतात तसं, सावकाश. सांधेवाला भिंतीला टेकून खाली बसला होता. तीही जाऊन त्याच्याशेजारी बसली.