सुलूमावशीचा ग्रीन टी

सुलूमावशीच्या घरात दिवेलागणीनंतर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो मला कोणी सांगितलेला नव्हता. भांडुपला डोंगराच्या कडेला असलेल्या त्या चाळीत मी भाड्यानं राहायला आले, त्याच संध्याकाळी पाणी किती वाजता येतं हे विचारायला शेजारच्या दारात उभी राहिले. मी कराडची. बांधापलीकडच्या माणसाशी बोलत वाढलेली, त्यामुळे आवाज कायम वरच्या पट्टीत. आतून एक ठेंगणी, उजव्या खांद्यात किंचित वाकलेली बाई लगबगीनं उठली, तिनं ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हळू बोल गो. निजलाहा."

घरात तान्हं मूल असणार असं वाटून मी ओशाळले. कुजबुजत विचारलं, "नातू का?"

"धंय," ती म्हणाली.

कोपऱ्यात जुन्या शालीत गुंडाळलेलं मातीचं मडकं होतं. मालवणीत दह्याला धंय म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, ती वाटी घेऊन दारात आली तेव्हा. चमचा घातला तर दह्याची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ निघाली. आवाजाचा आणि दह्याचा काही संबंध नसतो हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून संध्याकाळी मीसुद्धा हळू बोलू लागले. पडताळा घेऊन बघायची हिंमत कधी झाली नाही.

सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "तुमी तुमी करून माका लांब ढकलू नको." मग मी तिला तू म्हणू लागले आणि माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे गेली.

मावशी चाळीस वर्षं भांडुपात होती. नवरा गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग तो गेला. एकुलता मुलगा संजू कॅनडात. गॅलरीत एका कापलेल्या निळ्या पिंपात गवती चहाचा भलामोठा ठोंब होता. संजू जन्मला त्या वर्षी तिनं तो गावाहून आणला होता. संजू कॉलेजात असताना पहाटे अभ्यासाला उठायचा, तेव्हा मायलेक त्याच पातीचा चहा घेऊन गॅलरीत बसत, न बोलता. हे तिनं मला एकदाच सांगितलं, पाती कापता कापता, आणि पुढे लगेच कोथिंबिरीचा विषय काढला.

एका एप्रिलच्या अखेरीस संजूचा फोन आला. त्याला पुण्यात तीन दिवस काम होतं आणि तेवढे दिवस त्याची सोळा वर्षांची मुलगी ईरा आजीकडे राहणार होती. मावशीला आनंद होईल असं मला वाटलं. ती पाटावर बसूनच राहिली. मग कळलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी ईरा पाच वर्षांची असताना आली होती. उकाडा, डास, अनोळखी माणसं. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि तोंडात घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी संजू तिला घेऊन अंधेरीच्या हॉटेलात गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, असं मावशी दोनदा म्हणाली. आणि मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पण माझ्या घरातसून चेडू उपाशी गेला गो. ह्या खेपेक जावचा नाय."

अकरा वर्षं ही बाई हे पोटात घेऊन चाळीला दही वाटत होती.

तिनं फोनवर नातीला विचारलं, सकाळी काय खातेस? उत्तर इंग्रजीत आलं म्हणून फोन माझ्या कानाला लावला. दही, त्यात फळांचे थर, आणि दह्याला ग्रीन टीचा स्वाद. मला तो प्रकार ठाऊक होता. पवईला आमच्या ऑफिसच्या खाली एक कॅफे होता, तिथं उंच ग्लासात तो मिळायचा. एक पांढरा थर, एक हिरवा, मध्ये फळं. शुक्रवारी चैन म्हणून मी तो खायचे. मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून मावशीला दाखवलं. तिनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"थर धंयासाठी लावतत गो," ती म्हणाली. "धंयाचे नाय."

तरी तालीम दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. गोविंदाची नव्हे, पण शिस्त तीच. मे महिना लागला होता. ऑफिसला जायच्या आधी, उजाडताना, मी अर्धवट झोपेत तिच्याकडे जायचे. खिडकीच्या गजाला जुन्या पंचात दही टांगलेलं असायचं आणि खालच्या पातेल्यात पाणी टपटपत असायचं. डोंगरावरून गार हवा यायची. त्या आवाजात आणि त्या उजेडात मला कधीकधी नीट समजायचं नाही, की मी उठले आहे की अजून कराडच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसले आहे. मावशी बोलायचीही तशीच, स्वतःशी बोलल्यासारखी.

स्टीलच्या पेल्यात थर दिसणार नाहीत म्हणून तिनं कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्या धुऊन, आत लिंबाची फोड फिरवून गॅलरीतल्या उन्हात वाळवल्या. तळाला भाजून चुरलेले पोहे आणि चिमूटभर गूळ. त्यावर टांगलेलं घट्ट दही. मग चिकू, पुन्हा दही, मग गावाहून आलेला हापूस, पुन्हा दही. केळं सगळ्यात वर. मी एकदा ते मध्ये घातलं तर तिनं माझा हात धरला.

"केळा रडता. रडणाऱ्याक नेहमी वर ठेवचा. नायतर खालचे सगळे भिजतत."

खालच्या पोह्यांवर तिचा फार जीव. तिचा नवरा गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थराला उभा राहायचा. "खालच्याक कोण बघणा नाय," ती म्हणायची, "पण तो हललो की हंडी गेली." दही घालताना तिचा चमचा इतका हळू उतरायचा की पोहे जागचे हलायचे नाहीत. मी उभ्याउभ्या बिस्कीट खाऊन धावणारी मुलगी; त्या दहाबारा सकाळी मी बसून खाल्लं.

राहता राहिला ग्रीन टी. कॅफेतल्या मुलीकडून मी ती हिरवी पूड कागदाच्या पुडीत मागून आणली. मावशीनं वास घेतला, "चांगली आसा," म्हणाली आणि पुडी डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं गॅलरीतल्या गवती चहाच्या पाती गाठ मारून दुधात उकळल्या होत्या आणि त्या दुधाचं दही लावलं होतं.

मी कपाळाला हात लावला. "मावशी, ग्रीन टी म्हणजे हा नाही गं. हा गवती चहा."

"हिरवी चाय ती हिरवी चाय."

"पण ह्याचा रंग तरी कुठे हिरवा आलाय?"

"वासात आसा," ती म्हणाली.

मी पुष्कळ समजावलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा पाती कापायला जायची. हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला आणि सगळे हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून लिहून टाकते.

ईरा आली. उंच, लाजरी, कानात इअरफोनची बोंडं. संजू तिला सोडून लगेच पुण्याला गेला. रात्री तिनं "भूक नाही" म्हणून दोन घास खाल्ले, हे मावशीनं पहाटे माझं दार वाजवून सांगितलं. "तू चल. इंग्लिश लागला तर." तिचा पदर एरवी खोचलेला असायचा, तो त्या दिवशी तिनं तीनदा सोडून तीनदा खोचला.

बरणी ईरासमोर ठेवली. मावशीनं त्यात एक कोवळी पात उभी खोचली होती. ईरानं बरणी फिरवून थर बघितले आणि तुटक मराठीत विचारलं, "हे काय आहे?"

"ग्रीन टी," मावशी म्हणाली. एकदम स्वच्छ, अडखळली नाही.

मी खाली मान घातली. ईरानं चमचा तोंडात घातला आणि थांबली. मला वाटलं, वाट लागली. तिनं बरणी नाकाजवळ नेली, डोळे मिटले.

"हा बाबाचा वास आहे," ती म्हणाली.

ईरानं दुसरा चमचा घेतला.

"रविवारी बाबा हा चहा करतो. फ्रीजमध्ये पानं ठेवतो, एका दुकानातून आणून. मग खिडकीत बसतो. तेव्हा तो कुणाशीच बोलत नाही. मला वाटायचं, रागावला."

मावशी मोरीशी गेली आणि एक स्वच्छ चमचा उगाच पुन्हा धुऊ लागली. पाठमोरीच म्हणाली, "अजून पिता तो?"

"हो. दर रविवारी."

"रागावणा नाय गो तो," मावशी हातातल्या चमच्यानं गॅलरी दाखवत म्हणाली. "त्या वेळेक तो हयसर आसता."

ईराला मालवणी किती कळलं कोण जाणे. ती गॅलरीतल्या पिंपाकडे बघत राहिली. मग तिनं बरणी तळापर्यंत खरवडली, पोह्यांचा शेवटचा कण चाटला आणि विचारलं, "आजी, अजून आहे?"

ईरा आंघोळीला गेल्यावर मी मावशीला म्हटलं, "बघ, तुझ्या चुकीनं काम झालं."

तिनं डब्यातून माझी पुडी काढून दाखवली. उघडलेली होती. "पयल्याच दिवशी चाखलंय मी. धंय लावन पण बघितलंय एका वाटीत. झकास होता." आणि मग त्याच झोपाळू आवाजात म्हणाली, "पण ता तिका थंय रोज गावता. हयसर येवन पण ताच खाल्ल्यान, तर ती माझ्याकडे इलीच खंय?"

एवढं कळत होतं, तर दहा दिवस माझे धडे का ऐकून घेतलेस, विचारलं. "तू शिकवतंस तेव्हा वायच थांबतंस," ती म्हणाली. "बरी दिसतंस."

ईरा तीन दिवस राहिली. तिसऱ्या संध्याकाळी मी माझ्या कराडी आवाजात काहीतरी सांगत शिरले, तर त्या पोरीनं ओठावर बोट ठेवून कोपऱ्यातल्या शालीकडे डोळ्यांनी खुणावलं. मावशी पदरात तोंड लपवून हसत होती. तिला इतकं सुखात मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात मावशी गेली. संध्याकाळी दही लावलं, शाल गुंडाळली, पाटावर टेकली आणि उठली नाही. चाळीतल्या सगळ्या बायका जमल्या. दुसऱ्या घरात केवढा आकांत झाला असता. पण कोपऱ्यात मडकं होतं, आणि एकीनंही मोठ्यानं हंबरडा फोडला नाही. सगळ्या तोंडाला पदर लावून हळू रडल्या. मीही. सकाळी शाल काढली तेव्हा दही लागलं होतं. त्यातलं चमचाभर विरजण मी घरी नेलं.

आता मी अंधेरीला राहते. पिंप जिन्यावरून उतरवता आलं नाही, म्हणून ठोंबाचा एक गड्डा बादलीत आणला. तो खिडकीत फोफावला आहे. मागच्या महिन्यात ईराचा मेसेज आला, आजीचा ग्रीन टीचा नाश्ता कसा करायचा? मी सगळं लिहून पाठवलं, पोहे, थर, केळं वर का ते. पदार्थाचं नाव दुरुस्त करायला गेले आणि बोट मागे घेतलं. ग्रीन टीच राहू दिलं.

गेल्या रविवारी तिनं एक फोटो पाठवला. टेबलावर लोकरी मफलरीत गुंडाळलेलं एक भांडं, मागे खिडकीत दोन कप. खाली एकेक अक्षर जुळवून लिहिलेलं मराठी होतं: "दही झोपलं आहे. मी आणि बाबा हळू बोलतो आहोत."